पडद्यामागची परीक्षा

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हटलं की आपल्यासमोर काळे कोट आणि व्हायोलिनच्या रांगा येतात. पण त्या रांगांत कोणाला बसवायचं, हे कसं ठरतं? मी वाचायला घेतलं आणि सापडला तो आपल्याच अभ्यासक्रमातला विषय : मापनातली त्रुटी.

अमेरिकेत हे संगीत बराच काळ गोऱ्यांचंच मानलं गेलं. १९३९ साली मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिलं नाही. मग ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. समोर सुमारे ७५ हजार श्रोते! १८४२ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय कायम वादक, सॅनफर्ड ॲलन, आला तो १९६२ साली.

१९६९ मध्ये आर्थर डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी याच ऑर्केस्ट्राविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. १९७० चा निकाल मजेशीर आहे. कायम जागांच्या निवडीत भेदभाव सिद्ध झाला नाही. बदली वादक बोलावताना मात्र झाला. कारण तिथे चाचणीच नव्हती, ओळखीपाळखीवर काम चालायचं.

त्या काळात अमेरिकन ऑर्केस्ट्रांत पडद्याआडची चाचणी रुळू लागली. उमेदवार पडद्यामागे वाजवतो, त्याला फक्त क्रमांक असतो. चपला-बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून खाली गालिचासुद्धा अंथरतात. थोडक्यात, नको असलेला सिग्नल फिल्टर करायचा.

याचा स्त्रियांना फायदा झाल्याचं २००० सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासाने मांडलं. पण २०१४ सालीही अमेरिकन ऑर्केस्ट्रांत कृष्णवर्णीय वादक जेमतेम १.८ टक्के होते. असं का? फिल्टर इनपुटनंतर लागतो. महागडं वाद्य, लहानपणापासूनचा खासगी शिक्षक, चाचणीला जाण्याचा प्रवासखर्च हे ज्याच्याकडे नाही, तो पडद्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी शेवटच्या फेरीत पडदा काढतात.

आपल्या उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक हाही एक पडदाच. ओरलला मात्र आपण एक्स्टर्नलसमोर नाव, आडनाव, बोली सगळं घेऊन बसतो. आणि आपल्याबरोबर बारावीला असलेले किती जण या हॉस्टेलपर्यंत पोचलेच नाहीत, तेही मोजायला हवं. पडदा हवाच, पण 'पडदा आहे, म्हणजे न्याय झाला' असं मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?