सहलीतला इतिहास : महात्मा फुले वाडा

शिक्षक-पालक मित्रांनो, माजिवड्याहून पुण्याला सहल नेणार असाल, तर गंज पेठेतला महात्मा फुले वाडा जरूर दाखवा. इंग्रजांच्या काळातलं घर कसं होतं, ते मुलांना इथं प्रत्यक्ष पाहता येतं. नुसत्या सनावळ्या पाठ करून घेऊ नका. आधी आवारातली विहीर दाखवा आणि विचारा, ‘तेव्हा घरात पाणी कोण भरायचं? आणि कुणाला भरू देत नसत?’ मग सांगा, १८६८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला.

परतल्यावर स्वाध्याय एकच : आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा पाण्याचा पेला वेगळा आहे का? उत्तर मुलांबरोबर आपणही लिहायचं.