धूळ दिसते ती दारात, न दिसते ती उरात

सोनू बाळा, साताऱ्याच्या घरात पडवीत सतार-दुरुस्तीचं काम मांडलंस, ऐकून ऊर भरून आला. मी हे काम मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिकलो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथं सतारी घडवायला घेतल्या आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हात तुझा गोड आहे, घाई मात्र आजोळची आहे! लाकूड, भोपळा, शिंग, लाख सगळं निसर्गाचं, मग त्याची भीती कसली, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं. म्हणून मामाचं एवढं ऐक.

१. तुणीचं लाकूड घासताना नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लाव, नुसता रुमाल नको — रुमाल बांधूनही मी रात्री नाक शिंकरलं की लालसर रेघ यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ नाकाचा कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरली आहे.

२. भुसा झाडू नकोस, ओल्या फडक्यानं टिपून घे — झाडूनं धूळ जात नाही, उठते. तू जेवायला गेलास तरी ती हवेत तरंगत राहते आणि पडवीत खेळायला आलेल्या पोरांच्या छातीत जाते.

३. मंगळवेढ्याकडचा भोपळा आधी भिजव आणि आतला गर ओला असतानाच खरवड — सुका खरवडलास तर कडू भुकटी आणि बुरशी दोन्ही घशात उतरतात. गर जिभेला लावून बघू नकोस, त्या कडूपणानं उलट्या-जुलाब होतात.

४. जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवताना, तिच्यावर फुंकर मारू नकोस, ओल्या बोटानं पूस — शिंगाची नि हाडाची पूड उलटून तुझ्याच तोंडावर येते. फुंकर मारणारा डोळे चोळत बसतो.

५. पॉलिशचं स्पिरिट पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नकोस, मूळच्या डब्यातच कुलपात ठेव — त्यात मिथेनॉल असू शकतं, एखाददुसऱ्या घोटानंही डोळे जाऊ शकतात, जीवही जातो. बाटली ओळखीची, विष अनोळखी.

६. लाखेचं पॉलिश खिडक्या उघडून, शेगडी आणि देवापुढच्या दिव्यापासून लांब कर — स्पिरिटची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ज्योतीला बरोबर सापडते.

७. जवसाचं तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, पसरून वाळव — ते तेल वाळताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि काडी न लावता बोळा पेट घेतो.

८. जुन्या वाद्याचा रंग पाणी लावूनच घास आणि भाकरीला शिवण्याआधी हात साबणानं धू — जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार बाधतं.

९. पुरात भिजलेलं लाकूड स्वस्त मिळालं तरी पूर्ण वाळवून, मास्क लावूनच हाताळ — २०१९ च्या पुरानंतर सांगलीत घराघरांत बुरशी धरली होती. ओल वरून जाते, बुरशी रेषांत राहते.

१०. बिब्बाही निसर्गाचाच, तो चुलीत टाकू नकोस, घरामागचं गाजर गवतही उघड्या हातानं उपटू नकोस — बिब्बा उतला की अंगावर फोड येतात, धुरानं तोंडही सुजतं. गाजर गवताची खाज वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

११. कामाचे कपडे पडवीतच बदल, वेगळे धू, मगच लेकराला उचलून घे — नाहीतर दिवसभराची धूळ तू त्याच्या गालाला लावतोस.

१२. खोकला दोन आठवड्यांवर राहिला, किंवा सुटीत कमी होऊन कामावर बसलं की वाढला, तर डॉक्टरांकडे जा आणि धंदा आपणहून सांग — ते विचारतीलच असं नाही, आणि धंदा कळल्याशिवाय दुखणं कळत नाही.

बाळा, सतार एकदा बिघडली तर जवारी पुन्हा लावता येते. छातीची जवारी लावणारा कारागीर मला कुठं भेटला नाही. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून मास्क आण आणि आणलास की मला फोन कर.