विटांची भिंत

मुलांनो, नांदुऱ्याचे रेल्वे स्टेशन तुम्ही पाहिले असेल. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी मलकापूर सोडल्यावर नांदुऱ्याला येते आणि पुढे शेगावकडे जाते. गाडीला उशीर झाला, की फलाटावर बसलेली मुले काय करतात? एखादा मुलगा अब्बांचा मोबाईल मागून घेतो आणि विटा फोडण्याचा खेळ सुरू करतो.

हा खेळ तुम्हीही खेळला असाल. पडद्यावर वरच्या बाजूला विटांची भिंत असते. उर्दूतील 'दीवार' म्हणजे भिंत आणि 'ईंट' म्हणजे वीट. खाली एक छोटी फळी असते. ती डावीकडे-उजवीकडे सरकवायची. चेंडू फळीवर आपटून वर जातो, वीट फोडतो आणि परत खाली येतो. फळी चुकली, की चेंडू गेला!

हा खेळ बराच जुना आहे. अमेरिकेतील 'अटारी' या कंपनीने तो १९७६ साली काढला. त्याचे नाव 'ब्रेकआउट'. तेव्हा मोबाईल नव्हते. मोठ्या यंत्रात नाणे टाकून खेळावे लागे. पडदा काळा-पांढरा होता, म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावल्या होत्या. भिंतीत विटांच्या आठ रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेत चौदा विटा. पिवळ्या, हिरव्या, नारिंगी आणि लाल अशा प्रत्येक रंगाच्या दोन रांगा. पिवळ्या विटेला १ गुण, हिरवीला ३, नारिंगीला ५ आणि सर्वांत वरच्या लाल विटेला ७ गुण. लाल रांगा फोडून चेंडू वरच्या कडेला लागला, की फळी निम्मी होई. यश वाढले, तशी परीक्षाही कठीण!

आणखी एक नवल ऐका. त्या यंत्रात आजच्यासारखा प्रोग्रॅम नव्हता. चिप नावाचे छोटे भाग एकमेकांना जोडलेले होते. ती जोडणी म्हणजेच खेळ. कमीत कमी चिप वापरून हा खेळ बनवण्याचे काम स्टीव्ह जॉब्स या तरुणाकडे आले. त्यांनी आपले मित्र स्टीव्ह वोझ्नियॅक यांना बोलावले. वोझ्नियॅक दिवसा दुसऱ्या कंपनीत नोकरी करत. चार दिवस जवळजवळ न झोपता त्यांनी आराखडा पूर्ण केला. तो इतका आटोपशीर होता, की कारखान्यात बनवण्यासाठी अटारीने वेगळा आराखडा तयार केला.

या कामाबद्दल वोझ्नियॅक यांना ३५० डॉलर मिळाले. मोबदला निम्मा-निम्मा वाटला, असे त्यांना सांगितले होते. अनेक वर्षांनी त्यांच्या कानावर आले, की चिप वाचवल्याबद्दल मोठे बक्षीसही मिळाले होते. जॉब्स यांनी हे मान्य केले नाही. वोझ्नियॅक यांना मात्र वाईट वाटले. पैसे गेले म्हणून नव्हे, तर मित्राने खरे सांगितले नाही म्हणून.

पण या कामातून मिळालेली एक गोष्ट कोणालाही लपवता आली नाही. १९७७ साली वोझ्नियॅक यांचा 'ॲपल टू' हा संगणक बाजारात आला. त्यावर विटांचा खेळ खेळता यावा, म्हणून त्यांनी त्यात रंग आणि आवाज यांची सोय केली. फळी सरकवण्यासाठी हातात धरायच्या खुंट्याही जोडता येत. आता खेळ तारांनी जोडायचा नव्हता, तो संगणकाच्या 'बेसिक' भाषेत लिहायचा होता. एक ओळ बदलली, की विटांचा रंग बदले!

मुलांनो, पैशाच्या वाटणीत फसवणूक होऊ शकते. शिकलेले मात्र आपल्याजवळच राहते. म्हणून पुढच्या वेळी मोबाईल हाती आला, की नुसत्या विटा फोडू नका. चेंडू फळीच्या मध्यावर लागला तर कुठे जातो आणि टोकाला लागला तर कुठे, ते नीट पाहा. वहीत त्याचे चित्र काढा. आणि मित्राबरोबर एखादे काम केलेत, तर वाटणी त्याच्यासमोरच करा.

शब्दार्थ
नवल – ताज्जुब; आराखडा – नक्शा; आटोपशीर – मुख्तसर; मोबदला – मुआवजा; वाटणी – बटवारा

स्वाध्याय
१. फळी निम्मी केव्हा होई?
२. वोझ्नियॅक यांना वाईट का वाटले?
३. पूर्ण भिंत फोडली तर एकूण किती गुण मिळतील? हिशेब करा.
४. 'कानावर येणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.