आधी रुग्णवाहिका की आधी मुलाची परवानगी?

प्रश्न : माझी ७९ वर्षांची आई नागपुरात बेसा भागातल्या सशुल्क वृद्धनिवासात राहते. गेल्या महिन्यात रात्री ती बाथरूममध्ये पडली. ड्यूटीवरच्या मावशींनी मला फोन लावला, तो लागला नाही, मग मॅनेजरला. पाऊण तास १०८ला कुणी कळवलंच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ‘दवाखान्यात नेण्याची जबाबदारी नातेवाइकांची, असं करारात आहे,’ असं संस्था म्हणते. मावशींवर तक्रार करू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मावशींना सोडा. अख्खा मजला एका बाईवर टाकून ‘आधी साहेबांना विचार’ असा दंडक कुणी घातला? जबाब त्यांनी द्यायचा.

वाटेवरच्या माणसाने मदत केलीच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती आपल्या कायद्यात नाही. पण पैसे घेऊन सांभाळण्याचा करार करणारा वाटसरू नव्हे. आजारी किंवा अशक्त व्यक्तीच्या देखभालीचा करार करून ती जाणूनबुजून टाळली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या प्रकरणात मात्र हेतूपेक्षा गोंधळ दिसतो. पोलिसांत जाऊन फार हाती लागेल, असं मला वाटत नाही.

खरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथेही, म्हणजे पुण्यातही, तक्रार चालते. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. करारातलं कलम अन्यायकारक ठरवून रद्द करून घ्यायचं तर राज्य आयोगाकडे जावं लागेल. त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे. भरपाईला जिल्हा आयोग पुरे. पण एक अडचण आहे. आई पडली हा संस्थेचाच दोष, असं आपोआप ठरत नाही. उशिरामुळे काय बिघडलं, हे डॉक्टरांच्या कागदावर यायला हवं. बाथरूममध्ये धरायला दांडी नव्हती, फरशी निसरडी होती, तर फोटो आजच काढा.

त्याहून घाईचं म्हणजे सीसीटीव्ही. चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. म्हणून रजिस्टरचं पान, फोनच्या वेळा आणि चित्रण जपून ठेवा, अशी नोटीस आधी स्पीड पोस्टाने पाठवा, वकील नंतर गाठा.

आई तिथेच राहणार असेल, तर ‘तातडीच्या वेळी माझ्या संमतीसाठी थांबू नये’ असं पत्र संस्थेला द्या आणि पोच घ्या. १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवणं आधी, सोपस्कार नंतर. तो निकाल डॉक्टरांपुरता होता; तुमच्या पत्राने तीच गोष्ट संस्थेच्या फायलीत लेखी राहील.