आधी प्लग काढा

व्हेस्पा बनवणाऱ्या पिआज्जिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजची चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, हाडं मात्र इटलीच्या व्हेस्पाची. आज त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी रस्त्यावर आहे. मी लिहितोय ते जुन्या टू-स्ट्रोक चेतकबद्दल, जिचं इंजिन उजव्या बाजूला लटकतं आणि जी किकशिवाय जागी होत नाही. ती सांभाळायची तर हात काळे करावेच लागतात, कारण बऱ्याच गॅरेजांत आता पॉइंटचा गॅप लावणारा माणूसच उरलेला नाही. तरुण पोरं गाडीकडे कौतुकाने बघतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि म्हणतात, "काका, हिचं काम आम्ही घेत नाही."

तेव्हा ही काही वर्षांची शिदोरी, ज्याला लागेल त्याने घ्यावी.

१. बंद पडली की पहिली किक मारू नका.

गाडी का थांबली, याचा पुरावा त्या क्षणी प्लगवर असतो. लोक काय करतात, तर घाम फुटेपर्यंत किक मारतात. प्रत्येक किकेबरोबर इंजिनात पेट्रोल ओढलं जातं, कोरडा असलेला प्लगही ओला होतो आणि पुरावा गेला. त्यापेक्षा पेट्रोलचा कॉक पाहा (रिझर्व्हवर न्यायचा राहिला असेल तर प्रश्न तिथेच मिटला), आणि मग सरळ प्लगपाना काढा.

प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय. ठिणगी नाही किंवा इंजिन ओव्हर झालंय. कोरडा असेल तर ठिणगीच्या मागे लागू नका; कॉक, नळी, जाळी, जेट या वाटेने जा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बहुधा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर मात्र थांबा, कारण इंजिन कुठूनतरी जास्तीची हवा ओढतंय आणि ते असंच पळवलं तर पिस्टनवर बेतेल. कधी दोन टोकांच्या मध्ये कार्बनचा केसाएवढा धागा अडकलेला दिसतो. तो नखाने काढला की गाडी चालू. अशा धाग्यासाठी टेम्पोत घालून गाडी नेणारे लोक मी पाहिले आहेत.

२. ठिणगी सावलीत पाहा, आणि पेट्रोल सांडलेलं असताना पाहू नका.

प्लग टोपीत बसवायचा, त्याचं लोखंडी अंग हेडला टेकवायचं आणि किक मारायची. निळी, कडक, टक् आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, लालसर असेल तर ती उघड्यावर दिसते खरी, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली टिकत नाही. इंजिन ओव्हर झालेलं असेल तर प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो. म्हणून आधी कॉक बंद करून, प्लग बाजूला ठेवून, पूर्ण रेस उघडून पाच-सात किका मारा, इंजिन कोरडं होऊ द्या. ठिणगीची परीक्षा त्यानंतर. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. पॉलिश पेपरने घासल्यावर तो वाढतो, हे विसरायला होतं.

३. काही किलोमीटरवर दम तोडणारी आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होणारी गाडी.

हा सगळ्यात छळवादी दोष. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत गाडी शहाणी झालेली असते. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि "काही नाही हिला" म्हणून परत करतो. त्याचंही चुकत नाही, त्याच्या चकरेपुरतं खरोखरच काही नसतं.

संशयित मुख्यतः दोन. पहिला फुकटातला: टाकीच्या झाकणाचं बारीक भोक. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत शिरायला हवी. भोक धुळीने बुजलं की आत पोकळी धरते आणि पेट्रोल थेंबाथेंबाने येता येता थांबतं. उभी ठेवली की कुठूनतरी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालू. दुसरा खर्चातला: कॉइल किंवा कंडेन्सर. थंड असताना चोख काम करतात, तापले की मान टाकतात, निवले की पुन्हा ताजेतवाने.

लक्षण दोघांचं एकच, त्यामुळे निवाडा जागेवरच करावा लागतो. थांबल्या थांबल्या सीट उचला आणि झाकण फिरवा. सुस्स आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी घेतली, तर टाचणीने भोक साफ करा आणि घरी जा. आवाज नाही, तर तापलेला प्लग फडक्याने काढून ठिणगी तिथेच पाहा. निवल्यावर पाहिलीत तर ती हमखास निळीच दिसणार. कंडेन्सर गेलेला असेल तर पॉइंटही जळून काळे-खडबडीत झालेले सापडतात, तेव्हा नुसते पॉइंट घासून गप्प बसू नका, ते पुन्हा जळतील.

झाकणाचं भोक बुजलेलं असताना कॉइल बदलली, प्लग बदलला, कार्बोरेटरसुद्धा बदलला, असे किस्से कुठल्याही जुन्या गाडीवाल्याकडे मिळतील.

४. आडवी करण्याबद्दल.

चेतक म्हटलं की लोकांना ती आडवी करून सरळ करणारे वडीलच आठवतात. त्यात जादू नव्हती. टाकी सीटखाली, कार्बोरेटर तिच्याही खाली, मध्ये पंप वगैरे काही नाही. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. तळाला थोडंच उरलं असेल तर गाडी कलवल्यावर ते तोंडाकडे सरकतं, एवढंच. टाकी अर्धी भरलेली असताना आडवी करणं म्हणजे नुसता व्यायाम.

५. ऑईलचं माप डोळ्याने नको.

लिटरला २० मिलिलिटर टूटी ऑईल, म्हणजे दोन टक्के. पाच लिटर भरायचं तर १०० मिलिलिटर. ऑईल आधी ओतावं, पेट्रोल वरून, म्हणजे पडणाऱ्या धारेनेच ते मिसळतं. जास्त ऑईल घालणाऱ्याला वाटतं, इंजिनाचे लाड चाललेत. प्रत्यक्षात प्लग काळा होतो आणि सायलेन्सर तुंबतो.

याहून महत्त्वाची गोष्ट घाटाची. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं. वरंध घाटातून महाडकडे उतरताना गिअर टाकून, रेस पूर्ण बंद करून गाडी सोडली, की इंजिन फिरत राहतं जोरात, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑईलही बंद. पेट्रोल वाचवल्याचं समाधान आणि खाली पिस्टन पकडायची वेळ. अधूनमधून थोडी रेस द्या. इंजिन अचानक आवळल्यासारखं वाटलं, आवाज बदलला, तर विचार न करता क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक जागीच अडकतं. लांबच्या उतारावर माझी दोन बोटं क्लचवरच असतात. हे कुठल्याही शिकवणीत सांगत नाहीत.

६. धूर.

टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच. येतो किती ते बघा. पांढऱ्या धुराचा लोट अचानक वाढला, जमिनीवर ऑईलचा थेंब नाही आणि गिअर ऑईलची पातळी मात्र उतरतेय, तर क्लचकडचं ऑईल सील गेलं. गिअर ऑईल क्रँककेसमध्ये ओढलं जाऊन जळतंय. उलट मॅग्नेटकडचं सील गेलं तर धूर वाढत नाही, पण गाडी उभ्या उभ्या रेस पकडते, स्क्रू कितीही फिरवा, उतरत नाही. बाहेरची हवा आत शिरते आहे. या दुसऱ्या दुखण्यावर कार्बोरेटर ट्यून करत बसणारे सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

ओढ कमी झाली, चढावर गाडी गुदमरते, बाकी सगळं ठीक, असं असेल तर सायलेन्सर उतरवून आतला कार्बन जाळून, ठोकून काढा. आवाज बदलेल आणि गाडीही.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पुण्यात नाना पेठेत पार्टच्या दुकानात गेलं की एकाच्या जागी चार गोष्टी पिशवीत येतात. घरी येऊन उत्साहाने चारही बसवल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तरी कळत नाही. आता बाजारात जुन्या चेतकचे नवे म्हणून मिळणारे पार्ट सगळे सारख्या जातीचे नाहीत. डबीतून निघालेला कोरा कंडेन्सर पहिल्याच दिवशी गेलेला असू शकतो. म्हणून काढलेला जुना पार्ट दोन-तीन आठवडे फेकू नये. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे कधी अस्सल कॉइल सापडते. ती घ्यायची तर तापवून तपासायची सोय नसते, हे धरूनच भाव करा.

दुकानदार विचारतो, "साहेब, ओरिजिनल देऊ की चालेल असं?" केबल, रबर, बल्ब चालेल असं चालतं. सील, बेअरिंग, पिस्टन रिंग यांत कंजुषी नको.

८. चाक खोलण्याआधी हवा पूर्ण सोडा.

या गाडीची रिम दोन तबकड्यांची असते, नटांनी एकमेकींना जोडलेली. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे, तबकड्या जोडणारे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना दुसरे नट सैल केले तर तबकडी उसळून तोंडावर येऊ शकते. पंक्चरवाला नवा पोरगा असेल तर शेजारी उभं राहून सांगा, लाजू नका. हवा पुढे १८, मागे एकट्याला २५, डबलसीट असाल तर ३५ पौंडांच्या आसपास. दहा इंची चाकात थोडी हवा कमी झाली तरी गाडी वळणावर पोहते.

९. केबल तुटते ती शेवटी.

त्याआधी बरेच दिवस हँडलपाशी तिचा एकेक धागा सुटत असतो. क्लच जड झाला की तिथे बॅटरी मारून बघा. एक क्लचची तार आणि ती आवळून धरणारा छोटा स्क्रू डिकीत असावा, जादा प्लगच्या शेजारी.

१०. गिअरलेस गाडीला हे सगळं लागू करू नका.

भाचीची स्कूटर बंद पडली की ती मला बोलावते, आणि माझं निम्मं ज्ञान तिथे निरुपयोगी ठरतं. तिच्या गाडीला धक्का मारून चालू करता येत नाही. इंजिन फिरल्याशिवाय तिचा क्लच धरतच नाही, तेव्हा कितीही ढकला. फ्युएल इंजेक्शन असेल तर पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवर, म्हणून सेल्फ लागत नसेल तर आधी बॅटरीचे स्क्रू आवळा, त्यांच्यावरची पांढरी बुरशी घासा. निघताना थरथरते म्हणाली तर क्लच आणि बेल्ट, वेग चढत नाही म्हणाली तर बेल्ट आणि रोलर. प्लग मात्र तिथेही आधीच काढून बघतो. ती म्हणते, "मामा, सर्व्हिस सेंटरला दाखवू या ना." दाखवावं. पण काय झालंय ते ठाऊक असून दाखवलं, तर बिल वाचता येतं.

११. उभी ठेवायची असेल तर कोरडी ठेवा.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या रबरी नळ्या, सील फुगवतं. आठवड्याहून जास्त गाडी हलणार नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा काढताना फ्लोटची वाटी उघडून पाहा. तळाशी पाण्याचा गोल थेंब बसलेला असतो, तो जेटमध्ये गेला की पुन्हा सगळी वारी. नळी दोन बोटांत दाबून बघा, चिकट लागली तर बदला. ती स्वस्त आहे आणि खाली तापलेलं इंजिन आहे.

१२. कागद.

पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि आरटीओत गाडी उभी केल्यावर इंजिनाचं कौतुक कोणी ऐकत नाही. हॉर्न, दोन्ही दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, पीयूसी. चासी नंबर गंजाखाली गेला असेल तर घरीच मऊ पेपरने साफ करून ठेवा. ब्रेक लाइटचा स्विच चेतकचा जुना आजार आहे, आदल्या संध्याकाळी कोणाला तरी मागे उभं करून तो पेटतो का ते बघून घ्या.