हृदयाचा ताल आणि एक दुर्मिळ धोका

विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटास साधारण ६० ते १०० ठोके देते. हा ताल धरणारा पेशींचा लहानसा पुंजका उजव्या अलिंदाच्या भिंतीत असतो. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन १९०७ साली प्रसिद्ध केले. तेथून निघालेला विद्युत्संकेत ठरलेल्या वाटेने पसरतो आणि हृदय आकुंचन पावते.

कधी कधी मात्र भलत्याच ठिकाणाहून संकेत उठू लागतात. मग अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात व नाडी बेताल होते. हे संकेत बहुधा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांतून उठतात, असे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आयसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. त्यावरून पुढील उपचार रूढ झाला. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि उष्णतेने अथवा अतिशीततेने त्या शिरांच्या मुखांभोवती व्रण करतात. व्रणातून संकेत पलीकडे जात नाही. या क्रियेस 'अब्लेशन' म्हणतात. तिने पुष्कळ रुग्णांस आराम पडला आहे.

तथापि, डाव्या अलिंदाच्या पाठीशी लागूनच अन्ननलिका असते. दोहोंत अंतर काही मिलिमीटरांचेच. अलिंदास दिलेली उष्णता क्वचित तिलाही पोळते. ती जखम भरून न येता खोल गेली, तर दोहोंमध्ये छिद्र पडते. अशा रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत २००४ साली आली. हजारांत एकाहूनही कमी रुग्णांवर हा प्रसंग येतो. परंतु ज्यांच्यावर येतो, त्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात.

यातील खरी अडचण काळाची आहे. हा विकार बहुधा एक ते आठ आठवड्यांनी, रुग्ण घरी परतून बरा झाला असे सर्वांस वाटत असताना, डोके वर काढतो. ताप, छातीत दुखणे, गिळताना वेदना, पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात. गावच्या डॉक्टरांस पूर्वीची क्रिया ठाऊक नसेल, तर ताप साधाच वाटतो. अन्ननलिकेत दुर्बीण घालून पाहावे, असे सहज मनात येते. पण त्या तपासणीत हवा भरावी लागते आणि ती हवा छिद्रातून रक्तात शिरून मेंदूस इजा करू शकते. म्हणून अशा वेळी प्रथम छातीचे सीटी स्कॅन करतात. निदान वेळेवर झाले, तर शस्त्रक्रियेने प्राण वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

हा धोका टाळण्यासाठी डॉक्टर अन्ननलिकेतील तापमानावर लक्ष ठेवतात आणि अलिंदाच्या मागील भिंतीस बेतानेच उष्णता देतात. अलीकडे उष्णतेऐवजी अतिअल्पकाळच्या विद्युत्स्पंदांचा उपयोग होऊ लागला आहे. त्यांचा परिणाम मुख्यतः हृदयाच्या स्नायूवर होत असल्याने अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते.

तेव्हा भिऊन उपचार नाकारणे शहाणपणाचे नव्हे. मात्र घरात कोणाचे अब्लेशन झाले असेल आणि पुढील दोन महिन्यांत ताप वा गिळताना वेदना उद्भवली, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ती क्रिया व तिची तारीख त्यांस सांगावी, आणि जेथे ती झाली त्या रुग्णालयासही त्याच दिवशी कळवावे. हे एक वाक्य घरातील शाळकरी मुलासही सांगता येईल, आणि त्याने एखादा जीव वाचू शकेल.