इंटरनेटची वाट कुठे अडली?

वाचकहो, विहिरीत पाणी आहे, मोटार आहे, पाइप आहे, आणि तरीही वाफ्यात पाणी येत नाही, असे झाले तर तुम्ही काय करता? लगेच नवी मोटार आणायला तालुक्याला धावत नाही. आधी लाइट आहे का ते पाहता. मग फ्यूज पाहता. मग फूटव्हॉल्व्ह पाहता. पाइप कुठे फुटला का, हे त्याच्या कडेकडेने चालत पाहता. शेवटी पाट कुठे बुजला का तेही पाहता. पाणी ज्या वाटेने येते त्याच वाटेने तुम्ही जाता. पाणी जिथे अडले असेल तिथेच दोष सापडतो.

कॉम्प्युटरवर इंटरनेट येत नसेल तरी हेच करायचे असते. त्याला फार मोठी विद्या लागत नाही. डोळे उघडे हवेत, थोडा धीर हवा आणि हाताशी एक वही हवी. या पाठात आपण ही वाट एकदा चालून पाहू.

प्रणाली म्हणजे काय?

कॉम्प्युटरला मराठीत संगणक म्हणतात. हे यंत्र आपण होऊन काही करीत नाही. पडदा, कळफलक, छपाईयंत्र या सर्वांकडून काम करून घेणारा एक कारभारी त्यात असावा लागतो. या कारभाऱ्याला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक प्रणाली आहे. लिनक्स ही दुसरी. लिनक्सचा पाया १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घातला. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार असून तो फुकट मिळतो.

२०१५ साली विंडोज १० निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची दुरुस्ती कंपनीने थांबवली. विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून कोणी नवे यंत्र घेतात, कोणी जुन्यावर उबुंटू बसवतात. गावात याला ‘फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली’ असे म्हणतात. पुष्कळदा यानंतरच तक्रार सुरू होते, ‘कॉम्प्युटर चालतो, पण नेट चालत नाही.’

असे का होते? कारभारी बदलला की जुन्या कारभाऱ्याच्या वहीतले सारे जाते. वायफायचा परवलीचा शब्द जातो. जोडणीची नावनिशी जाते. नव्याला काहीच ठाऊक नसते. यंत्र बिघडलेले नसते, नव्या माणसाला घर दाखवायचे राहिलेले असते, एवढेच.

एका गटाचे उदाहरण

समजा, एका गावी बायकांचा बचत गट आहे. पापड-मसाल्याचा व्यवसाय आहे. गटाच्या कॉम्प्युटरवर नवी प्रणाली टाकली आणि नेट बंद पडले. कर्जाचा अर्ज भरायला चारच दिवस उरले आहेत. दुरुस्तीवाला येऊन म्हणतो, “काकी, वायफायचं कार्ड गेलं. नवं टाकावं लागेल. बाराशे रुपये पडतील.”

काकी विचारतात, “कालपर्यंत चालत होतं, मग रात्रीत कसं गेलं?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ असे होऊ द्यायचे नसेल, तर पैसे काढण्यापूर्वी पुढील पायऱ्या क्रमाने तपासाव्यात.

पायरी पहिली : घरात नेट आले आहे का?

केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिला आता भारतनेट म्हणतात. फायबर म्हणजे काचेची केसासारखी बारीक तार. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. म्हणून ही तार घट्ट मुडपू नये, तिला गाठ मारू नये. उजेड वाटेतच अडतो.

ही तार भिंतीवरच्या पेटीत येते. पेटीवर बारीक दिवे असतात. ‘लॉस’ असे इंग्रजीत लिहिलेला दिवा तांबडा लागला, तर उजेड पेटीपर्यंत आलेलाच नाही. मग दोष बाहेरच्या तारेत आहे. कॉम्प्युटर उघडून काही उपयोग नाही. नेट पुरवणाऱ्याला कळवावे.

दिवा तांबडा नसेल, तर पेटी व राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे. पुन्हा सुरू करून तीन-चार मिनिटे वाट पाहावी. मग मोबाइल त्या वायफायला जोडून पाहावा. पण इथे एक फसगत होते बरं का! मोबाइलमध्ये सिमकार्डाचे स्वतःचे नेट असते. ते चालू राहिले तर आपल्याला वाटते वायफायच चालले. म्हणून आधी मोबाइलचा डेटा बंद करावा आणि मगच तपासावे. मोबाइलवर नेट आले, तर पाणी बांधापर्यंत पोचले आहे. आता दोष कॉम्प्युटरच्या बाजूला शोधायचा.

पायरी दुसरी : कॉम्प्युटरला वायफाय दिसते का?

पडद्याच्या कोपऱ्यात नेटची खूण असते. तिच्यावर दाबल्यावर आसपासच्या वायफायची नावे दिसायला हवीत.

नावे दिसत असतील, तर कार्ड शाबूत आहे. आपले नाव निवडून परवलीचा शब्द भरावा. त्यात इंग्रजी मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे वेगळी मानली जातात. शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर सारखेच दिसते, तिकडे लक्ष द्यावे. पुष्कळ राउटरांच्या पाठीमागे मूळचा शब्द छापलेला असतो. कोणी तो बदलला असेल, तर बदललेलाच भरावा.

नावेच दिसत नसतील, तर आधी विमानाची खूण पाहावी. ती चालू असेल तर वायफाय बंद राहते. लॅपटॉपवर त्यासाठी एक कळ असते, ती चुकून दाबली जाते. काखेत कळसा नि गावाला वळसा, असे इथे फार वेळा होते.

विमान बंद आहे, तरी वायफायचे नावच नाही? मग तिसरी पायरी.

पायरी तिसरी : ड्रायव्हर आहे का?

अंगणात ट्रॅक्टर उभा आहे, पण तो चालवणारा नाही. मग नांगरट होईल का? ट्रॅक्टर मोडलेला नसतो, चालवणारा नसतो. कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागालाही असा चालवणारा लागतो. तो म्हणजे एक छोटा प्रोग्राम. त्याला ड्रायव्हर असेच म्हणतात. नव्या प्रणालीत पुष्कळ ड्रायव्हर आधीपासून असतात, पण एखाद्या वायफाय कार्डाचा नसतो. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाची यादी आहे. तिथे एखाद्या नावापुढे पिवळी खूण दिसली, तर बहुधा ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा आहे असे समजावे.

आता पंचाईत अशी की ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो आणि ड्रायव्हरशिवाय इंटरनेट येत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत होते. पण यातून तीन वाटा निघतात.

पहिली वाट तारेची. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत साधी नेटची केबल लावावी. केबलच्या जोडणीचा ड्रायव्हर बहुधा प्रणालीतच असतो.

दुसरी वाट मोबाइलची. चार्जिंगच्या ज्या वायरीतून माहितीही जाते, अशा वायरीने मोबाइल कॉम्प्युटरला जोडावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’ असे असते. तिथे ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. आता मोबाइलचे नेट वायरीतून कॉम्प्युटरला मिळते. रोजचा डेटा मात्र यात खर्च होतो, म्हणून काम झाले की बंद करावे.

तिसरी वाट पेनड्राइव्हची. कॉम्प्युटरच्या पाठीवर कंपनीचे व मॉडेलचे नाव असते. ते जसेच्या तसे वहीत उतरवावे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर आणावा.

नेट आल्यावर विंडोजमध्ये ‘विंडोज अपडेट’ चालवावे. उबुंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ नावाची जागा आहे, तिथे पाहावे. पुष्कळदा हवा तो ड्रायव्हर तिथेच मिळतो.

आपल्या गटाच्या काकींनी मुलाचा मोबाइल वायरीने जोडला. नेट आले, ड्रायव्हर उतरला. वायर काढली, तरी वायफाय चालू राहिले. कार्ड गेलेलेच नव्हते. बाराशे रुपये वाचले आणि अर्ज मुदतीत गेला.

पायरी चौथी : पत्ता मिळाला का?

वायफाय जोडले, पण ‘इंटरनेट नाही’ असे दिसते. मग पत्ता पाहावा. टपालाला जसा पत्ता लागतो, तसा नेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरातला हा पत्ता राउटर देतो. तो पुष्कळदा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. पण १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि यंत्राने आपल्या मनाने एक घेतला आहे असे समजावे. राउटर पुन्हा सुरू करावा. पत्ता ‘आपोआप’ घ्यावा, असे सेटिंगमध्ये आहे का तेही पाहावे.

काही ठिकाणी नेट पुरवणारा ग्राहकाला एक नाव व परवलीचा शब्द देतो. तो राउटरमध्ये भरलेला असेल, तर चिंता नाही. पण जुन्या प्रणालीत, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच भरलेला असेल, तर प्रणालीबरोबर तोही गेला. तो पुरवणाऱ्याकडून मागून पुन्हा भरावा लागतो. काही पुरवणारे पक्का आयपी पत्ता देतात, त्याचेही असेच.

पायरी पाचवी : नावांची वही आणि घड्याळ

आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्राला आकडे लागतात. नावावरून आकडे सांगणारी वही नेटवर असते. तिला डीएनएस म्हणतात. वही सापडली नाही, तर रस्ता चालू असूनही घर सापडत नाही. याची परीक्षा सोपी आहे. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनलमध्ये, इंग्रजीत ‘पिंग’ लिहून जागा सोडावी आणि ८.८.८.८ हे आकडे इंग्रजीत लिहावेत. उत्तर आले, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर दोष वहीत आहे. सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहावे.

शेवटी तारीख व वेळ पाहावी. जुन्या कॉम्प्युटरमधला बटणासारखा सेल संपला, की घड्याळ मागे जाते. बँकेची किंवा सरकारची संकेतस्थळे आपला दाखला दाखवतात. त्या दाखल्याला मुदत असते. आपल्याच घड्याळात साल चुकले असेल, तर खरा दाखलाही खोटा ठरतो आणि पान उघडत नाही. तारीख नीट केली की काम होते.

सावध राहा

घाईच्या वेळीच ठक गाठतात. इंटरनेटवर सापडलेल्या वाटेल त्या मदत-क्रमांकावर फोन करू नका. दुरून आपला पडदा दिसेल असे अ‍ॅप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नका. नेट दुरुस्त करायला बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. तो मागणारा माणूस दुरुस्तीवाला नव्हे. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

वहीत लिहून ठेवा

नवी प्रणाली टाकण्यापूर्वी चार गोष्टी वहीत लिहाव्यात : वायफायचे नाव व परवलीचा शब्द, नेट पुरवणाऱ्याने दिलेले ग्राहकनाव व शब्द, कॉम्प्युटरचे मॉडेल, आणि पुरवणाऱ्याच्या बिलावरचा तक्रारीचा फोन. ही वही कुलपात ठेवावी. जरूर ते कागद व फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्यावेत, कारण फॉरमॅट मारला की तेही जातात.

तपासताना एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहावा. पाच बदल एकदम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

बंधुभगिनींनो, अंगठा उठवणाऱ्याला दुसरा सांगेल ते खरे मानावे लागते. आपल्याला आता अक्षर येते. पेटीवरचा दिव्याचा शब्द, पाठीवरचे मॉडेल, पडद्यावरची सूचना जुळवून वाचता येते. इंग्रजी अक्षर अडले, तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. दुरुस्तीवाल्याला जरूर बोलवावे, तोही पोटासाठीच राबतो. पण त्याला ‘चालत नाही’ एवढेच सांगू नये. ‘मोबाइलवर चालते, इथे वायफायचे नाव दिसत नाही’ असे सांगावे. त्याचे काम सोपे होते आणि आपला पैसा योग्य जागी जातो.

प्रश्न

१. मोबाइलवर वायफाय तपासताना आधी काय बंद करावे? का?
२. पेटीवर तांबडा दिवा लागला, तर दोष कुठे समजावा?
३. ड्रायव्हर नसेल, तर नेट आणण्याच्या तीन वाटा कोणत्या?
४. घड्याळ चुकल्यास बँकेचे पान का उघडत नाही?
५. तुमच्या घरच्या किंवा गटाच्या नेटची माहिती वहीत लिहून काढा.